आयर्लंडची रोड ट्रिप: कमी किलोमीटर, जास्त दगड

आयर्लंडला जायचं ठरलं की ग्रुपवर कोणीतरी नकाशाचा स्क्रीनशॉट टाकतो आणि म्हणतो, छोटासाच तर देश आहे, आठवड्यात अख्खा गोल मारून येऊ. त्याचं तसं वाटणं साहजिक आहे, कारण डब्लिन ते गॉलवे म्हणजे पूर्व किनारा ते पश्चिम किनारा साधारण २०० किलोमीटर, मोटरवेने दोन-अडीच तास. पण मोटरवे सोडून पश्चिमेला लागलात की ५० किलोमीटरला दीड तास सहज जातो, रस्ता वळणावळणाचा, मध्येच मेंढ्या, मध्येच ट्रॅक्टर, आणि दर दहा मिनिटांनी मागच्या सीटवरून "अरे थांब थांब, फोटो". वाइल्ड अटलांटिक वे नावाचा प्रसिद्ध किनारी रस्ता डोनेगलपासून कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत २,५०० किलोमीटर आहे. तो एका सुट्टीत संपवणारे लोक असतात, पण त्यांनी बघितलेली असते ती मुख्यतः समोरच्या गाडीची मागची बाजू.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. आठ-नऊ दिवस असतील तर अर्धं आयर्लंड करा, दिवसाला तीन तासांच्या वर गाडी चालवायची नाही असं आधीच ठरवा, आणि उरलेला वेळ दगडांना द्या. दगड म्हणजे थडगी, मठ, किल्ले, पडकी घरं. तिथला वारसा तिकीट काढून बघायच्या ठिकाणी जेवढा आहे त्याच्या कितीतरी पट तो शेतात उभा आहे, कुंपणाच्या पलीकडे, गाईंच्या मध्ये, आणि ८० च्या स्पीडने तो दिसत नाही.

सगळ्यात आधी व्हिसा

हे पहिलं, कारण इथेच जास्त गोंधळ होतो. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, युरो चालतो, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तुमच्याकडे फ्रान्सचा किंवा जर्मनीचा शेंगेन व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. आणि बेटाचा ईशान्येकडचा तुकडा, नॉर्दर्न आयर्लंड, तो युनायटेड किंगडमचा भाग, तिथे पाउंड आणि तिथला व्हिसा.

यावर एक सोय आहे, ब्रिटिश आयरिश व्हिसा स्कीम. भारतात अर्ज करणाऱ्या भारतीय नागरिकांना शॉर्ट स्टे व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा मिळू शकतो, मग त्याच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, फक्त ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात पहिल्यांदा उतरायचं. पासपोर्ट हातात आला की तो शेरा आहे का ते डोळ्यांनी बघा, गृहीत धरू नका. सीमेवर चौकी नाही, कोणी थांबवत नाही, मैलांचे बोर्ड दिसायला लागले की समजायचं आलो पलीकडे, पण म्हणून कागद नसताना गेलात तर ते बेकायदेशीरच आहे. डब्लिनमध्ये नोकरी करणारी आपली मुलंही यात फसतात, कारण आयर्लंडचं रेसिडेन्स कार्ड असलं तरी भारतीय पासपोर्टला उत्तरेसाठी यूकेचा व्हिसा लागतोच.

कधी जायचं

मे, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे जेवून परत बाहेर पडता येतं. जुलै-ऑगस्टला गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही चढलेले. डिसेंबरमध्ये डब्लिनला सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा रोड ट्रिपच्या फंदात पडू नका. पाऊस कधीही येतो आणि आडवा येतो, छत्री उलटी होते, तेव्हा छत्री घरी ठेवा आणि टोपीचं चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या. बूट ओल्या गवतावर न घसरणारे हवेत, पांढरे स्नीकर्स पहिल्याच दिवशी हिरवे होतील.

गाडी बुक करताना

भाड्याच्या गाड्या तिकडे बहुतेक मॅन्युअल असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर बुक करा, महाग पडते. चार जण आणि चार मोठ्या बॅगा असा हिशोब असेल तर छोटी गाडी पुरत नाही, पण मोठी एसयूव्ही घेतली तर गावातल्या रस्त्यावर रडायची वेळ येते. मधला उपाय म्हणजे इस्टेट प्रकारची, मागे लांब डिकी असलेली गाडी, नाहीतर प्रत्येकाने केबिन बॅग अधिक एक सॅक एवढंच आणायचं. हा दुसरा उपाय ग्रुपमध्ये मान्य करून घेणं व्हिसापेक्षा अवघड आहे.

आपलं भारतीय लायसन्स व्हिजिटर म्हणून चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा, काही भाडेकंपन्या मागतात. वयाची अट विचारा, २५ च्या खालच्यांना जादा पैसे पडतात किंवा गाडीच मिळत नाही. डिपॉझिटसाठी मुख्य ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डवर काउंटरवर वाद होतात. दुसरा ड्रायव्हर नक्की लावा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. इन्शुरन्समध्ये एक्सेस म्हणजे तुमच्या खिशातून जाणारी रक्कम किती ते वाचा, आणि टायर, काच, आरसे कव्हर आहेत का हे मुद्दाम विचारा, कारण तिकडे नुकसान होतं ते नेमकं याच गोष्टींचं. उत्तरेला जायचं असेल तर कंपनीला आधी सांगा.

पेट्रोल पंपावर स्वतःच भरायचं असतं. पेट्रोलची नळी हिरवी, डिझेलची काळी. गाडी घेतानाच झाकणावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका.

एक अजून, डब्लिन शहरात असेपर्यंत गाडी घेऊच नका. पार्किंग महाग आणि गाडीचा उपयोग शून्य. शहराचे दोन दिवस पायी आणि ट्रामने करा. नॅशनल म्युझियमच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या इमारतीत दलदलीत सापडलेली लोहयुगातली माणसं ठेवली आहेत, बोटांची नखंसुद्धा दिसतात, आणि प्रवेश फुकट. डब्लिन कॅसलच्या आवारातली चेस्टर बीटी लायब्ररी पण फुकट, तिथे मुघल चित्रं आहेत. ट्रिनिटी कॉलेजमधल्या साधारण इ.स. ८०० च्या बुक ऑफ केल्सला मात्र तिकीट आणि रांग दोन्ही. मग सामान उचलून विमानतळावर जा, तिथून गाडी घ्या, म्हणजे शहरातल्या ट्रॅफिकमध्ये पहिला धडा गिरवावा लागत नाही.

गाडी चालवताना

आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, हे मोठं सुख आहे. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि हे तिथे खरंच पाळतात. रस्त्याच्या नावातलं पहिलं अक्षर सगळं सांगतं: एम म्हणजे मोटरवे, मर्यादा १२०, एन म्हणजे राष्ट्रीय रस्ता, साधारण १००, आर म्हणजे प्रादेशिक, ८०, एल म्हणजे गावचा रस्ता, जिथे फेब्रुवारी २०२५ पासून मर्यादा ८० वरून ६० वर आणली. बोर्डावरचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. उत्तरेत गेलात की आकडे मैलांत, हे विसरलात तर ६० चा बोर्ड बघून मागच्याला उगाच खोळंबवाल.

एल रस्त्यांबद्दल जरा सांगतो. रुंदी एका गाडीची, मध्ये गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना झुडपं, आणि त्या झुडपांच्या आत दगडी भिंत लपलेली असते, म्हणून "जरा झुडपात घालतो" असं म्हणून बाजूला घेऊ नका, आरसा जातो. समोरून गाडी आली तर ज्याच्या जवळ रुंद जागा आहे त्याने मागे जायचं, हॉर्न मारायचा नाही. तो किंवा ती बाजूने जाताना स्टिअरिंगवरून फक्त तर्जनी उचलेल, बाकी हात जागेवरच. ते थँक्यू पण असतं आणि नमस्कार पण. तुम्ही पण उचला. दुसऱ्या दिवसापासून मागे बसलेलेही बोट उचलायला लागतात.

गूगल मॅप्स दोन मिनिटं वाचवायला तुम्हाला अशा रस्त्यात घालतं. मोठा एन किंवा आर रस्ता दिसत असेल तर मॅपला वळसा घालायला लावा. पत्ता टाकताना एअरकोड वापरा, तो सात अक्षरांचा पोस्टल कोड प्रत्येक घराला स्वतंत्र असतो. गावाकडे घरांना नंबर नसतात, नुसतं घराचं नाव आणि गाव टाकलंत तर मॅप तुम्हाला चर्चसमोर सोडून मोकळा होतो.

आणि दारू. मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलीग्रॅमची आहे, पण हिशोब करत बसू नका, ज्याच्याकडे किल्ली त्याला शून्य. पबमध्ये अल्कोहोल नसलेली गिनेस बिअर मिळते, त्यामुळे ड्रायव्हरलाही हातात ग्लास धरून बसता येतं.

खिडकीतून काय ओळखायचं

हे शिकलात तर ट्रिपची किंमत वसूल. चार-पाच आकार लक्षात ठेवा.

शेताच्या मधोमध मातीचा गोल बांध आणि त्यावर झाडं दिसली, आजूबाजूचं सगळं नांगरलेलं आणि फक्त तेवढाच गोल सोडलेला, तर तो रिंगफोर्ट. बहुतेक इ.स. पहिल्या सहस्रकातल्या शेतकरी कुटुंबांची ही घरं, आणि बेटावर ४०,००० हून जास्त आहेत. लोक त्यांना फेअरी फोर्ट म्हणतात आणि त्यातलं झाड तोडत नाहीत, आपल्याकडे देवराईतली फांदी कोणी मोडत नाही तसंच. क्लेअर काउंटीमध्ये १९९९ साली नव्या हायवेच्या वाटेत एक हॉथॉर्नचं झुडूप येत होतं, ते परीचं आहे म्हणून ओरड झाली आणि शेवटी रस्त्याच्या आखणीत ते वाचवलं.

पेन्सिलसारखा गोल उंच मनोरा आणि टोकाला शंकू, म्हणजे तिथे मठ होता. दार जमिनीपासून बरंच वर असतं, शिडी लावून चढायचं. चौकोनी, जाडजूड, एकटाच उभा मनोरा म्हणजे टॉवर हाउस, बहुतेक पंधराव्या-सोळाव्या शतकातलं एखाद्या सरदाराचं घर.

डोंगराच्या उतारावर, आता जिथे फक्त मेंढ्या चरतात तिथे, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात समांतर रेघा उठून दिसतात, कंगवा फिरवल्यासारख्या. ते बटाट्याचे जुने वाफे. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला, १८५२ पर्यंत दुष्काळ चालला, साधारण दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये बेटाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती, आजही ती त्या आकड्याला पोचलेली नाही. ज्यांनी ते वाफे काढले त्यांची घरं खाली पडकी दिसतात, छप्पर नाही, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती तेवढ्या उभ्या. दुपारी बाराच्या उन्हात हे काहीच दिसत नाही, म्हणून पश्चिमेतलं ड्रायव्हिंग शक्यतो चारनंतर ठेवा.

दिसलं की गाडी लावून कुंपण ओलांडायची घाई नको. आयर्लंडमध्ये कोणाच्याही शेतातून चालायचा सरसकट हक्क नाही. वाटेचा बोर्ड किंवा कुंपणावर चढायच्या पायऱ्या असतील तर जा, नाहीतर घरात विचारा, बहुतेक वेळा हो म्हणतात. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. आणि पातळ तार दिसली तर ती विजेची असू शकते. रस्त्यावरचे तपकिरी बोर्ड मात्र बिनधास्त फॉलो करा, ते वारसास्थळांचे असतात.

रूट

बॉइन खोरं. विमानतळावरून पाऊणेक तासावर न्यूग्रेंज. इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं थडगं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षा जुनं. थेट तिथे गाडी नेता येत नाही, ब्रू ना बोन्या व्हिजिटर सेंटरला जायचं, तिथून शटल बस. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, आणि काढताना आत थडग्यात जायचा स्लॉट आहे ना ते बघा, नुसतं प्रदर्शनाचं तिकीटही असतं. १९ मीटरचा बोळ आहे, काही ठिकाणी अंग तिरकं करून जावं लागतं, बंद जागेची भीती असलेल्या मित्राला आधी सांगून ठेवा. आतल्या खोलीचं छत दगडावर दगड सरकवत नेलेलं, चुना नाही, सिमेंट नाही, आणि ५,००० वर्षं आत पाणी गळलेलं नाही. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसांत उगवता सूर्य दारावरच्या छोट्या झरोक्यातून आत येतो आणि १७ मिनिटं खोली उजळते, १९६७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी ते आत बसून बघितलं. त्या दिवसांसाठी लॉटरी असते. इतर वेळी गाइड दिवे घालवून बल्बने तो परिणाम करून दाखवतो. बल्बच तो, पण त्या अंधारात कोणाचंही तोंड बंद होतं. बाहेरची चकचकीत पांढरी गारगोटीची भिंत मात्र विसाव्या शतकात पुन्हा उभारलेली आहे आणि मूळ तशीच होती का यावर अभ्यासकांचा वाद आहे, मला ती जरा जास्तच नवी वाटते.

तिथून जवळच मॉनास्टरबॉइस. स्मशानात साडेपाच मीटरचा कोरीव दगडी क्रॉस, बायबलच्या गोष्टी चित्रांत कोरलेल्या, तिकीट नाही, गर्दी नाही. अर्धा तास पुरतो.

क्लॉनमॅकनॉइज. पश्चिमेला जाताना बहुतेक लोक सरळ एम ६ ने गॉलवे गाठतात, तुम्ही मध्ये वळा. शॅनन नदीच्या काठावर सहाव्या शतकात संत किआरनने काढलेला मठ आहे. मूळ क्रॉस पावसापासून वाचवायला आत ठेवलेत, बाहेरचे नकला आहेत, तेव्हा आधी आतले बघा. कॅथीड्रलच्या उत्तरेच्या दरवाजाची कमान अशी आहे की एकाने एका बाजूला दगडाला तोंड लावून हळूच बोललं तर दुसऱ्या बाजूला कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतं, मधे उभ्या असलेल्याला काही नाही. कुष्ठरोगी इथून पाद्र्याकडे कबुली देत असं सांगतात. मित्रांचा ग्रुप असेल तर इथे अर्धा तास जास्त धरा, कबुल्या थांबत नाहीत.

अशी सरकारी स्थळं तीन-चारपेक्षा जास्त करणार असाल तर हेरिटेज कार्डची, म्हणजे या सगळ्या स्थळांना चालणाऱ्या एकाच पासची, चौकशी पहिल्याच ठिकाणी करा. आणि बंद व्हायच्या आधी पाऊण-एक तास शेवटचा प्रवेश असतो, पाचला पोचून चालत नाही.

कॉनेमारा. दोन रात्री द्या. कायलमोर ॲबे सगळे करतातच, तळ्याकाठचा फोटो सुंदर येतो, पण मला विचाराल तर डूलॉक खोऱ्याचा रस्ता चुकवू नका, लीनानहून लुईसबर्गकडे जाणारा. मार्च १८४९ मध्ये दुष्काळात उपाशी लोकांना मदतीसाठी तपासणी व्हायची म्हणून लुईसबर्गहून डेल्फाय लॉजपर्यंत चालत बोलावलं, वीसेक किलोमीटर, थंडीवाऱ्यात, आणि तिथून हाकलून दिलं. परतताना अनेक जण रस्त्यातच मेले. रस्त्याच्या कडेला साधा दगडी क्रॉस आहे आणि त्यावर महात्मा गांधींचं वाक्य कोरलंय, दुसऱ्या माणसाची मानहानी करून स्वतःचा मान कसा वाढतो अशा अर्थाचं. तिथे पार्किंगची नीट जागा नाही, पुढे रुंद जागा बघून गाडी लावा आणि चालत मागे या. त्याच दुष्काळात १८४७ साली अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी, ज्यांना स्वतःच काही वर्षांपूर्वी आपल्या जमिनीवरून हाकललं होतं, १७० डॉलर गोळा करून पाठवले. आयरिश लोक हे अजून विसरलेले नाहीत.

बरेन आणि मोहर. बरेन म्हणजे करड्या चुनखडीचं पठार, पायाखाली खोल भेगा, त्यात वसंतात निळी जेन्शियनची फुलं. पोलनाब्रोनचं दगडी थडगं रस्त्यालगत आहे, फुकट आहे. उत्खननात तिथे तीसहून जास्त माणसांचे अवशेष निघाले. मोहरचे कडे २१४ मीटरपर्यंत उंच, सकाळी उघडल्या उघडल्या जा किंवा संध्याकाळी उशिरा, दुपारी नुसत्या बसेस. कठड्याच्या पलीकडे सेल्फीला जाणारा मित्र असेल तर त्याचा हात धरून ठेवा, कडा खालून पोखरलेला असतो. मुक्काम डूलिनला.

डूलिनच्या पबमध्ये रात्री सेशन असतं, म्हणजे वादक टेबलाभोवती बसून एकमेकांसाठी वाजवत असतात, स्टेज नसतं. कोपऱ्यातली रिकामी खुर्ची वादकाची असते, बसायच्या आधी विचारा. ऑर्डर बारवर जाऊन द्यायची, टेबलावर कोणी येत नाही. आणि राउंड पद्धत, एकाने सगळ्यांचं घ्यायचं मग पुढच्याने, यात आपला नंबर चुकवणारा माणूस तिथे लक्षात राहतो. शेजारच्यांशी गप्पा होतातच, आणि मराठी आहोत म्हटलं की हमखास कामाला येणारा विषय म्हणजे लिओ वराडकर, दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेले, ज्यांचं वडिलांकडचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात ते तिथे येऊनही गेले. त्यापुढे गाडी सरकली तर टिळकांच्या १९१६ च्या होमरूल लीगचा विषय काढा, होमरूल हा शब्द कुठून आला ते समोरच्याला सांगावं लागत नाही.

डिंगल. डूलिनहून खाली जाताना किलिमर ते टार्बर्ट फेरीत गाडी घाला, वीस मिनिटांत शॅनन पार, लिमरिकवरून जायचा शंभरेक किलोमीटरचा फेरा वाचतो. रिंग ऑफ केरीचा गोल रस्ता की डिंगलचं द्वीपकल्प हा वाद प्रत्येक ग्रुपमध्ये होतो. रिंग १७९ किलोमीटरची, दिवसभर बसेसच्या मागे. डिंगलचा स्ले हेड रस्ता ४७ किलोमीटरच्या आसपास, आणि दर दोन किलोमीटरवर काहीतरी आहे. माझं मत डिंगल. फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरा, बसेसही तसंच फिरतात, उलटे गेलात तर कड्यावरच्या अरुंद वळणावर समोरासमोर याल.

इथे गेलटॅक्ट म्हणजे आयरिश बोलणारा भाग सुरू होतो, बोर्ड फक्त आयरिशमध्ये, तेव्हा गावांची आयरिश नावं आदल्या रात्री लिहून ठेवा. डनक्विनच्या धक्क्यावरून समोर ग्रेट ब्लास्केट बेट दिसतं, शेवटचे रहिवासी १९५३ मध्ये सरकारने हलवले. पुढे गॅलरसचं प्रार्थनागृह, उलट्या होडीच्या आकाराचं, सगळा सुका दगड, अजून कोरडं. आणि त्याहून पुढे किलमलकेडर, जिथे बहुतेक गाड्या थांबत नाहीत. बाराव्या शतकातलं बिनछपराचं चर्च, आवारात सूर्यघड्याळाचा दगड, आणि एक उंच सडपातळ दगड ज्याच्या टोकाला आरपार भोक. त्या दगडाच्या कडेवरून बोट फिरवा, आडव्या-तिरप्या खाचा लागतात, ती ओगम लिपी, आयरिशची सर्वांत जुनी लिपी. अक्षरं दगडाच्या धारेवर खालून वर वाचायची. भोकाच्या दोन बाजूंनी अंगठे भिडवून लोक शब्द देत असत म्हणतात.

स्केलिग मायकेल या खडकाळ बेटावर जायचं डोक्यात असेल तर ते महिनोनमहिने आधी बुक करा, फक्त उन्हाळ्यात बोटी उतरवतात, ६१८ पायऱ्या, कठडा नाही, आणि समुद्र खवळला की सकाळी फोन येतो, रद्द. दुसऱ्या दिवशीचा प्लॅन मोकळा ठेवूनच हा जुगार खेळा.

कॅशेल. परतीच्या वाटेवर. चुनखडीच्या टेकडीवर मन्स्टरच्या राजांची गादी, ११०१ मध्ये चर्चला दिलेली, आणि ११३४ मध्ये पवित्र केलेलं कॉर्मॅकचं चॅपल ज्यात भित्तिचित्रांचे रंग अजून दिसतात. वर दीड तास पुरे. मग खाली उतरून शेतात उभ्या असलेल्या होर ॲबेत जा. तिकीट नाही, गाईड नाही, फक्त गाई, आणि टेकडीचा फोटो तिथूनच चांगला येतो.

नॉर्दर्न आयर्लंड मी मुद्दाम सोडलं, ती वेगळी ट्रिप करा. जायंट्स कॉजवेचे साधारण ४०,००० बेसाल्टचे खांब बघताना सह्याद्रीवाल्याला ओळखीचं काहीतरी सापडेल, पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला असेच खांब आहेत, लाव्हा थंड होताना असाच तडकलेला.

राहणं आणि खाणं

गावात बी अँड बी घ्या, म्हणजे कोणाच्या तरी घरातली खोली अधिक सकाळचा नाश्ता. दर बघताना 'पर पर्सन शेअरिंग' लिहिलंय का ते वाचा, तो खोलीचा नाही, माणशी दर असतो. मालकीण बाई सकाळी विचारतील आज कुठे, त्यांचं उत्तर मॅपपेक्षा चांगलं असतं. फुल आयरिश ब्रेकफास्टमध्ये ब्लॅक पुडिंग म्हणून काळ्या चकत्या येतात, त्यात डुकराचं रक्त असतं, शाकाहारी मंडळींनी आदल्या रात्रीच सांगून ठेवा. दुपारी पबमधलं सूप आणि ब्राउन ब्रेड कधी दगा देत नाही, सूप कशाचं आहे तेवढं विचारा. लहान गावात पबचं किचन रात्री नऊला बंद होतं, कधी त्याआधीच, म्हणून आधी जेवा मग सूर्यास्त बघा, जूनमध्ये तो वाट बघतो. दुकानात दारूची विक्री रात्री दहाला थांबते.

घरून थेपले, चिवडा, पोह्याची पाकिटं आणा, पण तूप, पेढे, बर्फी नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ॲडॉप्टर दोन घ्या, चार फोन आणि एक ॲडॉप्टर यावर मैत्र्या तुटल्या आहेत. इमर्जन्सीला ११२.

गाडी परत करताना

टाकी भरून द्यायची आणि पावती ठेवायची. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, चाकांचा व्हिडिओ काढायचा, आणि देताना तसाच परत काढायचा, काउंटरवर कोणी नसलं तरी. डब्लिनभोवतीच्या एम ५० वर टोलनाका दिसत नाही, वर कॅमेरे असतात आणि ते नंबर टिपतात. भाडेकंपनीने टोल आपल्याकडे घेतलाय का हे गाडी घेतानाच विचारा. नसेल तर तिथून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन किंवा पेझोनचं चिन्ह असलेल्या दुकानात भरा, नाहीतर घरी पोचल्यावर दंडासकट कार्डावरून कापला जाईल.